तुळयांचा पोळा

मला एका जागी बूड टेकवून बसता येत नाही. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. लहानपणी मी भातसुद्धा अंगणात फिरत फिरत खायचो. अशा माणसाला सरकारने पहिली नोकरी दिली ती लाकूड वाकताना बघत बसण्याची.

चंद्रपूर जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीवरून आणखी आत जंगलात लाकडांचा एक सरकारी डेपो होता आणि डेपोच्या मागे एक कौलारू शेड. शेडमध्ये दगडी खांबांवर तीन तुळया आडव्या टाकलेल्या होत्या, एक सागाची, एक येनाची म्हणजे ऐनाची, एक बिज्याची. प्रत्येकीच्या मधोमध साखळीने एक पेटी टांगलेली आणि पेटीत वजन करून भरलेले दगड. साग महाग, तो सगळा बाहेर जायचा. मग गावच्या शाळांच्या छपराला, नाल्यावरच्या लहान पुलाला येन आणि बिजा चालेल का, असा प्रश्न होता. ही लाकडं ताकदीची आहेत हे कोणीही सांगितलं असतं. पण वर्षभर ओझं हललंच नाही तर ती किती दबतील आणि ओझं उतरवल्यावर किती उठतील, हे कोणाला माहीत नव्हतं. ते मोजायला मी होतो, नागपूरचा ताजा बी.एस्सी.

लाकडावर वजन ठेवलं की ते लगेच थोडं वाकतं. तेवढं कोणालाही दिसतं. लोकांना वाटतं, झालं, आता ते थांबलं. ते थांबत नाही. पहिल्या दिवशी जास्त, दुसऱ्या दिवशी त्याहून कमी, महिन्याभराने केसाएवढं, पण वाकत राहतं. डोळ्यांना न दिसणारं हे वाकणं दिसावं म्हणून प्रत्येक तुळईला बांबूच्या कामटीचा एक लांब काटा जोडला होता. तुळई एक रेघ खाली गेली की काट्याचं टोक शेजारच्या चुना लावलेल्या फळीवर दहा रेघा खाली जायचं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ते टोक कुठे आहे हे वहीत लिहायचं. एवढंच काम.

एवढंच, म्हणून तर जीव जात होता. सकाळचा आकडा लिहिला की संध्याकाळपर्यंत करायचं काय? मी डेपोला चकरा मारायचो, ओंडके मोजायचो, नदीचा रस्ता धरायचो आणि अर्ध्यातून परत यायचो. साहेब नागपूरला. त्यांनी मला शब्द दिला होता की कागदावर रोजच्या आकड्यांची वर्षाची रेघ अखंड पूर्ण झाली, की नागपुरात प्रयोगशाळेत टेबल-खुर्ची. अखंड हा त्यांचा शब्द. मी भिंतीवर दिवस खोडत होतो.

शेडवर एक चौकीदार होता. साठीचा असावा. जवळच्याच गावचा, जन्मभर धानाची शेती केलेला. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी रोगाने त्याची बैलजोडी गेली होती. दुसरी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून जमीन भावाकडे सोपवून तो रोजीवर चौकीदार झाला. घरात तो आणि म्हातारी, दोघंच. प्रयोग नीट पार पडला तर डेपोत कायम करू, असं साहेबांनी त्यालाही सांगितलं होतं. म्हणजे आम्ही दोघंही त्या तीन लाकडांच्या भरवशावर होतो. फरक एवढाच की मला ती लाकडं डोळ्यांसमोर नको होती आणि त्याला ती आवडत होती.

मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला बाबू. तुळईला तो मयाल म्हणायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "बाबू, या मयालीइवर असंच किती दिवस ओझं ठेवता?"

"वर्षभर."

"मधात एकबी दिवस सुटी नाई?"

"लाकडाला कशाची सुटी, भाऊ?"

शेड झाडून झालं की तो तुळयांसमोर उकिडवा बसायचा आणि काट्याकडे बघत राहायचा, तासन् तास. त्याचं ते स्वस्थ बसणं बघून माझाच संताप व्हायचा. मी येरझारा घालायला लागलो की म्हणायचा, "बाबू, तुमी एवढे चालता, तं आतापावतर नागपूर आलं असतं."

कार्तिकात वजनं टांगली होती. उन्हाळा गेला, पाऊस लागला, लाकडांनी ओल धरली आणि काटे पुन्हा जरा जोराने खाली सरकले. श्रावण संपत आला. रेघ पूर्ण व्हायला दोन-अडीच महिने उरले होते आणि माझा धीर नेमका तेव्हाच सुटला. पोळ्याला घरी जायचं मनात आलं. रजा मागितली असती तर मिळाली नसती, कारण दुसरा मोजणारा नव्हता. मी मागितलीच नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पहाटे वही उघडली आणि त्या दिवसासकट तीन दिवसांचे आकडे आधीच लिहून टाकले. दहा महिने ती रेघ बघून बघून मला पाठ झाली होती. उद्या काटा कुठे असेल हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यात चोरीसुद्धा वाटली नाही. लाकूड जिथे जाणारच आहे तिथे मी त्याच्या आधी जाऊन बसलो, असं मी स्वतःला सांगितलं.

भाऊला एवढंच म्हणालो, "तीन दिवस मी नाही. शेडकडे लक्ष ठेवा. कोणी विचारलं तर आसपासच आहे म्हणा."

"आन् हे काटे कोन पाह्यल?"

"तुम्ही बघा," मी म्हणालो आणि मोटार पकडायला पळालो.

घरी पुरणपोळी झाली, आईने हाताला धरून बसवलं, तिसऱ्या दिवशी निघालो. मूल गावापर्यंत छोट्या आगगाडीने आलो आणि वैनगंगेवर अडकलो. नदी दुथडी भरून चालली होती, नाव बंद. एक दिवस काठावर काढला, दुसराही. नावाड्याच्या खोपटात माझ्यासारखे आणखी सात-आठ जण होते. सगळे बिड्या ओढत पडून होते, मी एकटा दर घटकेला पाणी उतरलं का बघायला जात होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीतून वही काढली आणि राहिलेल्या दोन दिवसांचे आकडेही लिहिले, तिथेच, नदीकडे तोंड करून. पाच दिवस झाले. आता वही कुठेही कोरी नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि काट्यांकडे बघितलं. तिन्ही काटे वर होते. थोडे नाही, येनाचा तर चांगला दोन बोटं वर. माझ्या वहीप्रमाणे ते जिथे हवे होते तिथे फळी रिकामी. पेट्या जागच्या जागी टांगलेल्या, दगडही तेवढेच. ओझ्याखालचं लाकूड आपणहून उठत नाही, हे मला दहा महिन्यांत पुरतं कळलं होतं. मग जवळ गेलो. साखळी जिथे तुळईला टेकते तिथे तिन्ही तुळया पिवळ्या होत्या. बोट लावलं तर हळद आणि लोणी.

भाऊ मागे येऊन उभा राहिला होता. माझ्या तोंडाकडे बघून त्याला काही कळलं नाही, तो खुशीत होता.

"खांद शेकली जी," तो म्हणाला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, जिथे जू बसतं तिथे, गरम पाणी, हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानांनी शेकतात. मग बैलाला म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर कोणी सुतळीसुद्धा ठेवत नाही. भाऊने गावातून दोन माणसं आणून पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पेट्या उतरवल्या होत्या. तुळयांची खांद शेकली, आवतन दिलं. पोळ्याचा दिवसभर त्यांना मोकळं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या पुन्हा टांगल्या.

"भाऊ, हे काऊन केलं तुमी?" माझा आवाज फाटला होता.

"घरी बैल नाई न बाबू औंदा," तो म्हणाला. "पहिलाच पोळा बिनबैलाचा. म्हटलं, ओझं वाह्यणारे तं इथीच हायेत. याइचीच शेकू."

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. दहा महिने पाण्यात गेले, अडाणी कुठचे, हे त्यातलं सौम्य. तो खाली बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमीच तं म्हटलं होतं, तुमी पाहा."

मला राग त्याचा आला होता तेवढाच माझाही आला होता, पण माझा राग काढायला समोर मी नव्हतो. माझी अडचण वेगळीच होती. वजनं निघाली हे साहेबांना सांगावंच लागणार होतं, काटेच सांगत होते. पण वजनं पोळ्याला निघाली असं म्हटलं तर वहीत पोळ्याच्या दिवसाचे, ओझं असतानाचे आकडे माझ्याच हातचे होते. ते कुठून आले? मी कुठे होतो?

आठ दिवसांनी साहेब आले. मी त्यांना सांगितलं की वजनं पोळ्याला नाही, त्यानंतर चार दिवसांनी निघाली. सकाळचा आकडा लिहून मी डेपोत हिशेबाला गेलो होतो आणि तेवढ्यात चौकीदाराने माझ्या माघारी हे केलं. सगळं किती सोपं बसलं. वही खरी राहिली, मी हजर राहिलो. साहेबांनी भाऊला बोलावलं.

"वजनं तू काढली?"

"हो जी, म्याच काढले."

"कोणत्या दिवशी?"

भाऊने माझ्याकडे बघितलं. मी काट्यांकडे बघत होतो. त्याने फक्त दिवस सांगितला असता तरी माझं सगळं उघडं पडलं असतं. पोळ्याचा दिवस या मुलखात कोण विसरतो?

"बाबू सांगून राह्यले न," तो म्हणाला, "तोच दिवस."

त्याला त्याच दिवशी काढलं. कायम होण्याचं तर बोलणंच संपलं. जाताना त्याने कोपऱ्यातली घोंगडी उचलली, शेडच्या दारात क्षणभर थांबला आणि मला म्हणाला, "येनाची खालून जराशी चिरली हाय, पाह्यजा." मला हायसं वाटलं होतं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी वाटतं. साहेब म्हणाले, रेघ तुटली, आता पुन्हा पहिल्यापासून वर्ष. म्हणजे खोटं बोलून मला मिळालं काय, तर आणखी एक वर्ष जंगल.

पुढचे दिवस फार वाईट गेले. शेड आता मलाच झाडावं लागे. कोपऱ्यात, जिथे त्याची घोंगडी असायची तिथे छपराच्या वाश्यात तीन कामट्या खोचलेल्या सापडल्या. प्रत्येकीवर कोयत्याने पाडलेल्या खाचा. आधी वाटलं, रोजीचे दिवस मोजत असेल. मग लक्षात आलं की एका कामटीवर खाचा खाली विरळ आहेत आणि वर जाता जाता दाट होत गेल्या आहेत. मी ती येनाच्या फळीच्या कडेला टेकवून उभी धरली. सगळ्यात खालची खाच, ओझं असताना काटा जिथे होता, नेमकी तिथे बसली.

तो काटे बघत बसला होता. मी म्हटलं होतं, तुम्ही बघा, म्हणून. डेपोत दर तासाला टोल पडायचा, आणि पेट्या उतरवल्यापासून पुन्हा टांगेपर्यंत प्रत्येक टोलाला त्याने तिन्ही काट्यांपाशी कामटी धरून खाच पाडली होती. ओझं उतरताच काटा एकदम केवढा उठला, मग तासातासाने कसा कमी कमी उठत गेला, सगळं त्यात होतं. तिन्ही कामट्यांवर शेवटच्या खाचा एकमेकींना चिकटल्या होत्या, पण सुरुवातीच्या, वजन टांगण्यापूर्वीच्या रेघेला एकही पोचली नव्हती. लाकूड उठलं होतं, पूर्ण उठलं नव्हतं. त्या आठवड्यातले खरे आकडे तेवढेच होते. वहीतले माझे पाचही दिवस खोटे होते.

मी तेव्हाच पत्र लिहायला हवं होतं. लिहिलंही, पण वेगळं. वजनं निघाल्याचं कळताच संधी साधून मी दर तासाला नोंदी केल्या, त्या पक्क्या करून आता पाठवतो आहे, असं लिहिलं. खाचा मोजपट्टीने मोजल्या, आकडे केले, रेघ काढली. कामट्या चुलीत घातल्या.

साहेबांचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. एवढ्या बारकाईने उठण्याची नोंद कोणी केली नव्हती, ते लिहीत होते. दहा महिन्यांची रेघ आणि हे उठणं मिळून अहवाल पुरा होतो, पुन्हा वर्ष कशाला. वजनं उतरवा, शेडला कुलूप घाला, चावी डेपोत द्या आणि नागपूरला रुजू व्हा.

निघण्याच्या दिवशी मला पहाटेपासूनच धीर नव्हता. ट्रंक बांधली, वही गुंडाळली. पेट्या बघितल्या. एकट्याने एकेक दगड काढून तिन्ही पेट्या उतरवायच्या तर अर्धा-पाऊण तास मोडला असता. मोटार चुकली तर दुसरी उद्या. डेपोतलं कोणी उतरवेल, मी म्हटलं. कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि सडकेवर येऊन मोहाच्या झाडाखाली उभा राहिलो. चावी तिथल्या चहावाल्याकडे ठेवणार होतो.

झाडाखाली भाऊ बसला होता. बाजूला लाकूडफाट्याची मोळी, विकायला आणलेली. आणि मोळीच्या दोरीचा वळ त्याच्या खांद्यावर, मानेजवळ. मी नको म्हणूनही तो उठून उभा राहिला.

"चालले का बाबू?"

"हो, भाऊ. नागपूरला बदली झाली."

"बरं झालं. तुमचं मन नवतंच इथी." मग त्याने विचारलं, "मयाली पुऱ्या उठल्या होत्या का जी? म्या खाचा पाडल्या होत्या, पन मले त्यातलं समजत नाई."

त्या तोंडावर आरोप नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढी एक गोष्ट मी त्याला खरी सांगितली.

"पुऱ्या नाई उठल्या. थोडं राहिलं. येनाचं जास्त राहिलं."

त्याने मान हलवली. "रायतेच. बैलाच्या खांद्यालेबी घट्टा पडते, तो का जाते?" त्याचा हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला होता.

मला तेव्हा सगळं सांगून टाकायचं होतं. पत्राचं, कामट्यांचं, साहेबांचं. तोंड उघडलंही. पण तोच पुढे बोलला.

"निघाच्या आंधी वजनं तं काढून आले न बाबू? आता कोनी पाह्यनार नाई त्याइच्याकडं."

खिशात चावी होती. शेड हाकेच्या अंतरावर होतं, झाडाखालून त्याची कौलं दिसत होती.

"हो," मी म्हणालो. "काढली."

"बरं केलं," तो म्हणाला आणि खाली बसला. मी सडकेवर येरझारा घालायला लागलो. मोटार त्या दिवशी तासभर उशिरा आली.